लोकसत्तेच्या राज्यपद्धती : प्रस्तावना

महाराष्ट्रातील गावाचा सरपंच गावकऱ्यांनी प्रत्यक्ष मतदानाने निवडावा की ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी आपल्यातून निवडावा, या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांत वारंवार फिरले. २०१७ साली प्रत्यक्ष निवडणुकीचा कायदा झाला, २०२० साली तो रद्द होऊन जुनी वहिवाट परत आली, आणि २०२२ साली पुन्हा प्रत्यक्ष निवडणूक सुरू झाली. नगराध्यक्षपदाच्या बाबतीतही त्याच सुमारास असेच घडले. प्रत्येक वेळी हा बदल कोणत्या पक्षांनी केला आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडणार, याची चर्चा भरपूर झाली. परंतु ज्या प्रश्नावर १७८७ साली फिलाडेल्फियास जमलेल्या अमेरिकन घटनाकारांनी एक संपूर्ण उन्हाळा वेचला आणि ज्यावर आमच्या घटना समितीतही कसून वाद झाला, तोच प्रश्न आता आपल्या चावडीवर येऊन उभा आहे, याची जाणीव त्या चर्चेत क्वचितच दिसली. गावाने थेट निवडलेला सरपंच हा लहान प्रमाणावरचा राष्ट्राध्यक्ष होय. सदस्यांनी निवडलेला सरपंच हा लहान प्रमाणावरचा पंतप्रधान होय. पहिल्याचा अधिकार सदस्यांच्या मर्जीवर अवलंबून नसल्यामुळे तो निश्चिंतपणे कारभार करू शकतो, पण सदस्यांशी त्याचे बिनसले की पंचायतीचे ठराव अडून बसतात. दुसऱ्याला रोज सदस्यांचा विश्वास सांभाळावा लागतो, त्यामुळे तो उत्तरदायी राहतो, आणि त्याच कारणाने दोन-चार सदस्यांच्या हातचे बाहुलेही बनू शकतो. यांपैकी कोणता दोष पत्करावयाचा, हा विचार जाणून-समजून व्हावा, एवढ्यासाठी प्रस्तुत ग्रंथाचा प्रपंच आहे.

लोकशाही राज्यपद्धतींचा अभ्यास करताना सामान्यतः पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की सत्ता कोणास आणि कशी मिळते. तो प्रश्न योग्यच आहे, तथापि तो पुरेसा नाही. कारण मतपेटीतून सत्ता देण्याची रीत आज अशा अनेक राज्यांनीही उचलली आहे, जेथे एकदा दिलेली सत्ता परत घेण्याचा कोणताही सरळ मार्ग प्रजेच्या हाती उरलेला नाही. म्हणून या ग्रंथात प्रत्येक राज्यपद्धतीची परीक्षा एका निराळ्या प्रश्नाने केली आहे : सत्ताधाऱ्यास मुदतीपूर्वी दूर करण्याचा अख्त्यार कोणास आहे, तो कोणत्या कारणासाठी वापरता येतो, आणि तो वापरल्यानंतर राज्याचा गाडा कोण हाकतो. ही परीक्षा मला अधिक कठोर आणि म्हणूनच अधिक उपयुक्त वाटते.

इतिहासाच्या आरंभापासून हा धागा दिसतो. ख्रिस्तपूर्व ५०८ च्या सुमारास क्लाइस्थेनीसने अथेन्सच्या राज्यव्यवस्थेची जी फेररचना केली तिच्यातून वाढलेल्या व्यवस्थेत पाचशे सभासदांची मंडळी चिठ्ठ्या टाकून नेमली जात असे, बहुतेक अधिकारी त्याच रीतीने एका वर्षासाठी निवडले जात, आणि जो पुरुष नगराला डोईजड होईल त्याचे नाव खापराच्या तुकड्यांवर कोरून त्याला दहा वर्षांपर्यंत हद्दपार करण्याची मुभा नागरिकांना होती. स्त्रिया, गुलाम आणि परदेशी रहिवासी यांना या नागरिकत्वात स्थान नव्हते, हे विसरून अथेन्सचे गोडवे गाणे अनुचित होय. आपल्याकडे वैशालीच्या लिच्छवींची गणराज्यपरंपरा, बौद्ध संघातील मतगणनेची पद्धत, आणि तमिळ देशातील उत्तरमेरूर येथील दहाव्या शतकातील शिलालेख यांचा उल्लेख अभिमानाने केला जातो. त्यांपैकी उत्तरमेरूरचा लेख खरोखरच विलक्षण आहे, कारण ज्याने पूर्वीच्या समितीचा हिशेब सादर केला नाही त्यास पुन्हा चिठ्ठीत नाव घालण्यास त्यात मनाई केलेली आहे. परंतु या संस्थांपासून आजच्या संसदेपर्यंत अखंड परंपरा चालत आली असे म्हणण्यास पुरावा नाही, आणि तसे म्हटल्याने त्या संस्थांचे मोल वाढते असेही नाही.

आजच्या प्रातिनिधिक राज्यपद्धतीचा खरा उगम इंग्लंडात, आणि तोही कोणा एका घटनाकाराच्या बुद्धीत नसून शतकानुशतकांच्या वहिवाटीत सापडतो. राजा स्वतः चूक करीत नाही, चूक त्याच्या मंत्र्यांची, हे तत्त्व मान्य झाल्यावर नको असलेल्या मंत्र्यास घालवावयाचे कसे, हा प्रश्न पार्लमेंटपुढे उभा राहिला. आणि १६४१ साली त्याचे उत्तर म्हणून स्ट्रॅफर्डच्या उमरावास पार्लमेंटने आपल्या कायद्याने वधस्तंभावर चढविले. १६८९ च्या हक्कांच्या सनदेनंतर कर आणि सैन्य या दोन्ही बाबींत राजा पार्लमेंटच्या मंजुरीचा मिंधा झाला, १७२१ पासून रॉबर्ट वॉलपोलच्या दीर्घ कारकिर्दीत एक मंत्री इतरांचा प्रमुख म्हणून वावरू लागला, आणि १७८२ साली अमेरिकेतील युद्ध हातचे गेल्यावर लॉर्ड नॉर्थने कॉमन्स सभेचा पाठिंबा उरला नाही हे ओळखून सगळ्या मंत्रिमंडळासह राजीनामा दिला. शिरच्छेदाऐवजी राजीनामा, आणि अपराधाच्या शाबितीऐवजी केवळ विश्वासाचा अभाव : सुमारे दीडशे वर्षांत घडलेले हे स्थित्यंतर मला मानवी राज्यव्यवहारातील अतिशय मोठ्या सुधारणांपैकी एक वाटते. सत्ता गमावणे म्हणजे जीव गमावणे नव्हे, अशी खात्री पटल्यावाचून कोणताही सत्ताधीश सुखासुखी खुर्ची सोडीत नाही. १८६७ साली वॉल्टर बॅजट याने इंग्लिश राज्यघटनेवरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की कार्यकारी आणि कायदेकारी सत्ता या इंग्लंडात विभक्त नसून मंत्रिमंडळाच्या ठायी त्यांचा संगम झालेला आहे, आणि हेच त्या पद्धतीचे आतले मर्म आहे. यानंतर संसदीय पद्धतीचे शास्त्र जन्मास आले असे म्हणावयास हरकत नाही.

अमेरिकन घटनाकारांना याच्या नेमके उलट भय होते. मॉन्तेस्कियूचा १७४८ सालचा ग्रंथ त्यांच्यापुढे होता. एकाच हाती सर्व सत्ता गेली की जुलूम आलाच, अशी मॅडिसनप्रभृतींची धारणा होती. म्हणून त्यांनी राष्ट्राध्यक्षास चार वर्षे, प्रतिनिधिगृहास दोन आणि सिनेटरास सहा वर्षे अशा निरनिराळ्या, अभंग मुदती बांधून दिल्या आणि कोणासही दुसऱ्यास केवळ धोरण पसंत नाही म्हणून बरखास्त करता येऊ नये, अशी योजना केली. राष्ट्राध्यक्ष काँग्रेस विसर्जित करू शकत नाही. काँग्रेस त्यास महाभियोगावाचून हलवू शकत नाही. आणि महाभियोगात दोषी ठरविण्यास सिनेटचे दोन-तृतीयांश मत लागते. १८६८ साली अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचला, पुढे क्लिंटन एकदा आणि ट्रंप दोनदा आरोपित झाले. परंतु आजवर एकाही राष्ट्राध्यक्षास सिनेटने दोषी ठरवून पदच्युत केलेले नाही. ही स्थिरता होय यात शंका नाही. मात्र राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि काँग्रेस दुसऱ्याची असली की अंदाजपत्रकाच्या वादापायी सरकारी कचेऱ्या बंद पडण्यापर्यंत मजल जाते, ही त्या स्थिरतेची किंमत आहे. हीच पद्धत दक्षिण अमेरिकेत नेल्यावर तिचे काय झाले, आणि दोघेही स्वतःस जनतेचे अस्सल प्रतिनिधी म्हणविणारे अध्यक्ष व विधिमंडळ परस्परांसमोर उभे ठाकले असता लष्कराला हस्तक्षेपाची संधी कशी मिळत गेली, याचे विवेचन १९९० साली हुआन लिंझ याने केले. त्यावरचा वाद अजून शमलेला नाही.

या दोन मुख्य पंथांखेरीज जे प्रयोग झाले त्यांत मला सर्वांत अधिक विचारार्ह वाटतो तो स्वित्झर्लंडचा. तेथील सात जणांचे संघीय मंडळ संसद चार वर्षांसाठी निवडते, पण एकदा निवडल्यावर त्यास मुदतीत काढू शकत नाही. अध्यक्षपद या सातांत दरसाल फिरते. आणि मोठे पक्ष एकाच मंडळात शेजारी बसून कारभार करतात. मग जनतेचे नियंत्रण राहिले कोठे? ते राहिले कायद्यांवर. १८७४ च्या घटनेने संसदेच्या कायद्याविरुद्ध नागरिकांना सार्वमत मागण्याचा हक्क दिला, १८९१ साली घटनादुरुस्ती सुचविण्याचा हक्क त्यात जोडला गेला, आणि आज पन्नास हजार सह्या शंभर दिवसांत जमविल्या की संसदेने मंजूर केलेला कायदाही देशापुढे मतास घालावा लागतो. माणसे परत बोलावण्याऐवजी कायदे परत बोलावण्याची ही रीत आहे. तिचा काळा भागही सांगितला पाहिजे : याच सार्वमताच्या मार्गाने स्विस पुरुषांनी स्त्रियांचा मताधिकार अडवून धरला, आणि संघीय निवडणुकांत तो त्यांना मिळण्यास १९७१ साल उजाडले. या संदर्भात मराठी वाचकास गोव्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन व्हावे की वेगळे केंद्रशासित राहावे यावर कौल दिला. त्यापूर्वी निःपक्षपातासाठी दयानंद बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता, विलीनीकरणाच्या विरोधकांनी सुमारे ३४ हजार मतांनी बाजी मारली, आणि पराभूत पक्षाने तो निकाल मान्य केला. विलीनीकरणाची इच्छा मनापासून बाळगणारे लोक महाराष्ट्रात पुष्कळ होते. तरीही त्या कौलाची शिस्त ही आपल्या लोकशाहीच्या इतिहासातील मोठी मिळकत आहे, असे माझे मत आहे.

फ्रान्स आणि जर्मनी यांचा इतिहास म्हणजे चुकांतून शिकलेल्या राष्ट्रांचा इतिहास. फ्रान्सच्या तिसऱ्या व चौथ्या प्रजासत्ताकांत मंत्रिमंडळे इतक्या लवकर कोसळत, की खरा कारभार कायमच्या अधिकारीवर्गाच्याच हाती राही. १९५८ साली द गॉलने याला उतारा म्हणून बलिष्ठ राष्ट्राध्यक्ष आणि संसदेस जबाबदार पंतप्रधान अशी दुपेडी रचना केली, १९६२ साली राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडण्याचे ठरले, आणि १९८६ साली मितराँ व शिराक हे परस्परविरोधी पक्षांचे पुढारी या दोन पदांवर एकाच वेळी आले तेव्हा त्या रचनेची पहिली मोठी कसोटी लागली. श्रीलंकेने १९७८ साली असाच मार्ग धरला. तेथील अनुभव फारसा सुखावह नाही.

जर्मनीबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. १९१९ ची वायमार घटना त्या काळी अत्यंत पुढारलेली समजली जात होती : सार्वत्रिक मताधिकार, शुद्ध प्रमाणशीर प्रतिनिधित्व, जनतेने निवडलेला राष्ट्राध्यक्ष, आणि संकटकाळी त्याच्या हुकुमाने राज्य चालविण्याची मुभा देणारे ४८ वे कलम. जुलै १९३२ च्या निवडणुकीनंतर नाझी आणि कम्युनिस्ट या दोन हाडवैऱ्यांचे मिळून संसदेत बहुमत होते. सरकार पाडण्यापुरते त्यांचे एकमत होई, सरकार बनविण्याच्या कामी ते अशक्य होते. म्हणून कारभार ४८ व्या कलमाखालील हुकुमांवर चालला, आणि ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गने हिटलरला चॅन्सेलरपद दिले तेव्हा हुकुमाने राज्य करण्याची सवय राष्ट्रास आधीच जडली होती. १९४९ च्या मूलभूत कायद्यात बॉनच्या घटनाकारांनी याच जखमेवर बोट ठेवले. नव्या चॅन्सेलरचे नाव त्याच ठरावात बहुमताने मंजूर झाल्याखेरीज जुन्यास काढता येणार नाही, असे ६७ वे कलम त्यांनी घातले. १९७२ साली विली ब्रांट यांच्याविरुद्धचा असा ठराव दोन मतांनी फसला. १९८२ साली हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले, तेवढा एकच यशस्वी झाला. एका कलमाच्या शब्दरचनेने केवढे अंतर पडते याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. घटना ही केवळ कागद आहे, माणसे चांगली असली म्हणजे झाले, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य विचारात घ्यावे. घटनेने माणसे चांगली होत नाहीत हे खरे, परंतु वाईट माणसांची वाट अडविता येते.

मतांचे जागांत रूपांतर कसे करावे, हे या विषयाचे दुसरे मोठे अंग होय. १८६१ साली जॉन स्टुअर्ट मिलने प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा कैवार घेतला तेव्हापासून हा वाद चालू आहे. नेदरलँड्समध्ये दीडशे जागांसाठी सारा देशच एक मतदारसंघ मानला जातो. न्यूझीलंडने इंग्लिश वहिवाट टाकून १९९६ पासून मिश्र पद्धत स्वीकारली. इस्रायलने त्याच वर्षी पंतप्रधान थेट जनतेकडून निवडण्याचा प्रयोग केला आणि २००१ नंतर तो सोडून दिला. फ्रेंच पंडित द्युव्हर्जे आणि डच पंडित लाइपहार्ट यांच्या ग्रंथांमुळे मतदानपद्धती, पक्षपद्धती व राज्यपद्धती यांचे परस्परसंबंध बरेच उकलले. विशेषतः बहुमताने राज्य करणे आणि व्यापक सहमतीने राज्य करणे हा लाइपहार्टने केलेला भेद, जात, धर्म व भाषा यांनी विभागलेल्या समाजांस मार्गदर्शक ठरावा असा आहे. आपण लोकसभेसाठी एक पद्धत आणि राज्यसभा व राष्ट्रपती यांच्यासाठी एकल संक्रमणीय मताची दुसरी पद्धत वापरतो, हे आपल्याकडील सुशिक्षितांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

महाराष्ट्रात हा विचार परका नाही. १८४८ साली सुरू झालेल्या आपल्या शतपत्रांत लोकहितवादींनी हिंदुस्थानास पार्लमेंट असावे असे लिहिले, त्या वेळी इंग्लंडातील बहुसंख्य पुरुषांनाही मत नव्हते. १९३९ साली औंध संस्थानात राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने स्वतःची सत्ता सोडून ग्रामपंचायतीच्या पायावर स्वराज्याची घटना उभारली. संस्थान १९४८ साली विलीन झाले आणि तो प्रयोग अल्पायुषी ठरला, तरी राज्याने आपण होऊन प्रजेस दिलेल्या सनदांत त्याचे स्थान उच्च आहे.

आणि अर्थात डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दि. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी राज्यघटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडताना त्यांनी जी तुलना केली, तिच्या तोडीचे विवेचन या विषयावरील जागतिक वाङ्मयातही थोडेच आहे. स्थैर्य आणि जबाबदारी हे दोन्ही गुण सारख्याच प्रमाणात देणारी राज्यपद्धती अजून कोणास सापडलेली नाही. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक, इंग्लिश पद्धतीत जबाबदारी अधिक. अमेरिकेत सरकारच्या जबाबदारीचे मोजमाप मुदतीच्या अखेरीस होते, संसदीय पद्धतीत ते मुदतीच्या अखेरीस मतदारांकडून आणि त्याखेरीज दररोज सभासदांकडून प्रश्न, ठराव, तहकुबीची सूचना व अविश्वास यांच्या द्वारे होते. आणि भारतासारख्या देशास हे दैनंदिन मोजमाप अधिक आवश्यक आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. प्रा. के. टी. शहा यांनी अध्यक्षीय पद्धतीचा पुरस्कार केला, तो घटना समितीने मानला नाही. संघराज्याच्या बाबतीतही समितीने बलवान केंद्र पसंत केले, आणि राष्ट्रपती राजवटीच्या कलमाचा पुढे जो सढळ वापर झाला त्यास सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालाने लगाम बसला.

समितीची ती निवड योग्य होती असे मी मानतो. परंतु ती निवड ज्या आधारावर उभी होती तो आधार आपण स्वतःच पोखरला, असेही मला वाटते. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची घातली गेली. पक्षांतराच्या बाजाराला आळा घालणे हा तिचा हेतू शुद्ध होता. पण पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सभासदाचे सभासदत्वच जात असेल, तर तो मंत्रिमंडळाचे दैनंदिन मोजमाप करणार कसा? १९९९ साली एका मताने केंद्र सरकार पडले तेव्हा देशाला ते अरिष्ट वाटले. पण मते मोजूनच सरकार राहते किंवा जाते, ही ग्वाहीही त्या दिवशी मिळाली होती. २०२२ साली महाराष्ट्रातील मंत्रिमंडळ गेले ते सभागृहातील मतदानाने नव्हे. आणि ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्यपालांनी बहुमतचाचणी बोलाविण्याची कृती असमर्थनीय ठरवूनही, मुख्यमंत्र्यांनी चाचणीस सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे पूर्वस्थिती आणता येत नाही, असा निर्णय दिला. सभागृहात जे ठरावयाचे ते विश्रामगृहांत आणि न्यायालयांत ठरू लागले, तर दोष कोणा एका पक्षाचा नाही, रचनेचा आहे. त्यातच लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुका एकत्र घेण्याचे घटनादुरुस्ती विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडले गेले आहे. त्यातील खर्चाच्या व सोयीच्या मुद्द्यांवर पुष्कळ बोलले जाते. पण बांधीव मुदत ही अध्यक्षीय पद्धतीची प्रकृती आहे, संसदीय पद्धतीत मुदत ही कमाल मर्यादा असते, हमी नव्हे, हा मूळ मुद्दा मागे पडतो. इंग्लंडने २०११ साली बांधीव मुदतीचा कायदा केला आणि २०२२ साली तो मागे घेतला, हेही आपल्या सभासदांनी अभ्यासावे.

या ग्रंथात प्रत्येक देशाची संपूर्ण घटना सांगण्याचा यत्न केलेला नाही. तशी माहिती अन्यत्र मिळते. प्रत्येक पद्धती कोणत्या भयातून जन्मली, तिने त्या भयाचे निवारण केले काय, आणि त्या निवारणाची कोणती किंमत त्या समाजाने मोजली, एवढेच येथे पाहिले आहे. न्यायमंडळाचा विचार कार्यकारी सत्तेच्या अनुषंगाने केला आहे, स्वतंत्रपणे नाही. आफ्रिका खंडापैकी दक्षिण आफ्रिकेव्यतिरिक्त इतर देशांना न्याय देता आलेला नाही, ही उणीव आहे. सर्वांसाठी एक आदर्श पद्धती सुचविण्याचा मोह मी कटाक्षाने टाळला आहे, कारण तशी पद्धती आहे असे मला वाटत नाही.

वाचकास एकच विनंती आहे. भारताच्या संविधानाचा शासनाने प्रसिद्ध केलेला मराठी अनुवाद शेजारी ठेवावा, आणि हा ग्रंथ उघडण्यापूर्वी त्यातील ७४, ७५ व ८५ हे अनुच्छेद आणि दहावी अनुसूची एकदा सावकाश वाचावी. त्यांत सगळी मिळून फार थोडी पाने आहेत.